एका क्रियापदासाठी जिवंत वाक्य

इमारतीत त्यांना सगळे कोशवाले म्हणत. दारावरच्या पाटीवर त्यांचं आडनाव ठसठशीत अक्षरांत होतं, पण ते वाचायला कुणी थांबत नसे. ‘कोशवाल्यांकडे पाणी येतंय का बघ,’ ‘कोशवाल्यांच्या मजल्यावरचा बल्ब गेलाय,’ असं सगळं चाले. त्यांना स्वतःला हे नाव मनातून आवडायचं. एवढंच, की कोश काही त्यांचा नव्हता. इंग्रजी शब्दांना आपल्या भाषेतले पर्याय देणारा तो उशीएवढा जाड कोश एका प्रकाशन संस्थेचा होता, आणि कोशवाले तिथे उभी हयात नुसती वाक्यं करत आले होते.

वाक्यं करणं म्हणजे काय, हे त्यांनी अनेकांना समजावून पाहिलं. कुणाच्या गळी उतरलं नाही. शब्दाचा अर्थ लिहिणारे वेगळे, पर्याय शोधणारे वेगळे. अर्थाच्या खाली तिरप्या अक्षरांत जे एक वाक्य असतं, ‘दार लोटून घे, वारा येतोय’ अशासारखं, ते कोशवाल्यांचं. वाचणारा ते वाचतो आणि पुढच्या क्षणी विसरतो. तो विसरला तरच वाक्य चांगलं, असं त्यांचं ठाम मत होतं. लक्षात राहिलं तर ते भाषण झालं, म्हणायचे.

ही वाक्यं ते टेबलाशी बसून रचत नसत. कचेरी म्हणजे वह्या-पेनांच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि एक अरुंद बोळ. तिथे बसून माणूस फार तर ‘आकाश निळे आहे’पर्यंत पोहोचतो. त्यांची खरी प्रयोगशाळा घरी होती. लग्न नवं होतं तेव्हा एका संध्याकाळी ते बायकोला म्हणाले होते, “ही खुर्ची डुगडुगतेय.” ती स्वयंपाकघरातून म्हणाली, “पायाखाली कागदाची घडी सरकवा.” खुर्ची धडधाकट होती. डुगडुगणं त्यांना कचेरीतल्या कामासाठी हवं होतं. पण बायकोने उत्तर दिलं, आणि कोशवाल्यांना साक्षात्कार झाला. ज्या वाक्याला घरातलं माणूस बेसावधपणे उत्तर देतं, ते वाक्य जिवंत.

त्या दिवसापासून परीक्षा ठरून गेली. पूर्वसूचना न देता वाक्य बोलून टाकायचं. बायकोने सरळ उत्तर दिलं तर पास, आणि कागद त्या शब्दाच्या पाकिटात. तिने मान वर करून “हे कुठल्या शब्दासाठी?” असं विचारलं तर नापास, आणि कागद केराच्या टोपलीत.

सुरुवातीला तिला याची गंमत वाटायची. एकदा ते “गॅसचा वास येतोय का गं?” म्हणाले आणि तिने शेजाऱ्यांसकट अर्धी इमारत जिन्यात उभी केली. सगळं कळल्यावर ती पोट धरून हसली होती. शेजारी हसले नव्हते. पुढे गंमत गेली आणि सवय राहिली. कोशवाले आपल्या वाक्यांवर थांबले नाहीत, तिचीही टिपून घेऊ लागले. तिचं बोलणं मुळातच मोजकं आणि नेमकं. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. नवीन फ्रेम गिऱ्हाइकाच्या तोंडावर चढवायची, पुन्हा काढायची, गरम हवेच्या झोतावर दांडी धरून मऊ करायची आणि अंगठ्याने हलकेच वाकवायची, की चष्मा कानामागे मुकाट बसे. “सरळ चेहरा कुणाचाच नसतो,” ती एकदा म्हणाली होती. “एक कान खाली असतोच.” कोशवाल्यांनी ते वाक्य तिथल्या तिथे उचललं. त्या दोन कानांमध्ये ती दिवसभर काय काय बघते, हे विचारायचं मात्र त्यांच्या कधी डोक्यात आलं नाही.

माणूस वाईट नव्हता. कुणावर आवाज चढवला नाही, कधी व्यसन केलं नाही, बायकोच्या आजारपणात उशाशी बसून राहिले. फक्त ते ऐकायचे ते वाक्य. वाक्याच्या पलीकडे बोलणारं माणूस असतं, तिकडे त्यांचं लक्ष पोहोचेपर्यंत पेनाचं टोपण उघडलेलं असायचं.

तर कोशाची नवी आवृत्ती निघायची होती आणि कोशवाल्यांची गाडी एका क्रियापदापाशी रुतून बसली होती. क्रियापद होतं ‘इंटररिलेट’. ते काय प्रकरण आहे हे थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यापायी झाला.

या शब्दाचं खानदान मोठं आहे. ‘कनेक्ट’ हा त्यातला सगळ्यांत मनमिळाऊ. तो तारांना चालतो, रस्त्यांना चालतो, फोनला चालतो, हल्ली माणसांनाही चालतो. ‘लिंक’ला जरा पोलिसी वळण आहे, या चोरीचा धागा त्या चोरीशी जुळला की तो हजर. ‘असोसिएट’ डोक्यात राहतो. फिनेलचा वास आला की ज्याला दवाखाना आठवतो, त्याच्या आत हा शब्द काम करत असतो. ‘कोरिलेट’ आकडेवाल्यांचा. एक वाढलं की दुसरंही वाढतं, का ते विचारू नका. ‘इंटरॅक्ट’ला दोन्हीकडे काहीतरी घडावं लागतं, नुसतं शेजारी बसून भागत नाही. आणि ‘इंटररिलेट’ म्हणजे पुष्कळ गोष्टी एकमेकींत अशा गुंतलेल्या, की एक हलली तर बाकीच्या हलणारच. कोण कुणाला ओढतंय ते हा शब्द सांगत नाही. तो वापरतात कारणांबद्दल, प्रश्नांबद्दल, अभ्यासाच्या विषयांबद्दल. चारचौघांत सुटाबुटात वावरणारा शब्द. घरात चप्पल काढून तो कधी बसलाच नाही.

जुन्या आवृत्तीत त्याच्यापुढे ‘परस्परसंबंध असणे’ असं छापलेलं होतं आणि खाली वाक्य होतं, ‘समाज आणि शिक्षण यांचा परस्परसंबंध असतो.’ संपादकबाईंनी त्यावर लाल फुली मारली होती. संपादकबाई कोशवाल्यांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, पण कचेरीत त्यांच्यापुढे सगळ्यांची पाचावर धारण बसायची. पेन्सिल कानावर खोचून त्या म्हणाल्या होत्या, “असं वाक्य कुणी आईला म्हणेल का? भाजीवाल्याला म्हणेल? मग आपल्याला नको. घरातलं आणा.”

घरातलं आणण्यात तर कोशवाल्यांचा हातखंडा. त्यांनी त्याच संध्याकाळी सुरुवात केली. बायको ताटं घेत होती.

“झोप आणि पचन यांचा एकमेकांशी संबंध असतो,” कोशवाले म्हणाले.

“हे कुठल्या शब्दासाठी?”

नापास. दुसऱ्या दिवशी त्यांनी बेत बदलला. “पाण्याची टाकी, मोटार आणि या भिंतीची ओल, सगळं एकातएक आहे बघ.”

“कुठल्या शब्दासाठी?” तिने मानसुद्धा वर केली नाही.

असं बरेच दिवस चाललं. वाक्य कसंही वळवलं तरी ती ओळखायची. शेवटी एकदा जेवताना त्यांनी हात टेकले. “आता तूच सांग बाई एखादं,” म्हणाले, आणि शब्दाची सगळी कुंडली तिच्यापुढे मांडली. पुष्कळ गोष्टी हव्यात. त्या एकमेकींना धरून असल्या पाहिजेत. नकारार्थी असलं तरी हरकत नाही, म्हणजे धरून नाहीत असं म्हटलं तरी शब्द कळतो.

तिने पाण्याचा पेला ताटाशेजारी ठेवला. मग म्हणाली, “दुकान, हे घर, मी. कशाचा कशाशी संबंधच उरलेला नाही.”

कोशवाल्यांचा घास हातात राहिला. “वा!” ते म्हणाले. “वा, वा! परत म्हण.”

तिने त्यांच्याकडे पाहिलं. परत म्हणाली. दुसऱ्या वेळी आवाज जरा खाली गेला होता, पण शब्द तेच होते, आणि कोशवाल्यांना शब्दांशी मतलब. उष्टा हात बाजूला धरून त्यांनी डाव्या हाताने ते लिहून घेतलं. दोन वस्तू आणि एक माणूस एका दावणीला! आणि नुसतं ‘नाही’ नाही, ‘उरलेला नाही’. म्हणजे आधी होता. एका शब्दात सगळा इतिहास. असं वाक्य वर्षानुवर्षांत एखादं मिळतं.

“झालं?” बायकोने विचारलं.

“झालं! पास, अगदी पहिल्या वर्गात पास.”

ती ताटं उचलून आत गेली. नळ बराच वेळ चालू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, “मी ताईकडे जातेय. थोडे दिवस राहीन.” ताई म्हणजे तिची थोरली बहीण. निवृत्त नर्स, एकटीच असायची, गुडघ्याचं दुखणं घेऊन. अधूनमधून बायको तिच्याकडे जायचीच. कोशवाल्यांनी किल्ली कुठे ठेवायची ते विचारलं. या खेपेला ती कपाटावरची मोठी बॅग घेऊन निघाली आहे हे त्यांनी पाहिलं, आणि गुडघ्यासाठी काहीतरी नेत असेल असं मनाशी म्हणून बॅग स्वतः जिन्याखाली नेऊन दिली. नंतर दोनदा फोन केला. दोन्ही वेळा ती “ठीक आहे” म्हणाली आणि दोन्ही वेळा त्यांना ते पटलं.

संपादकबाईंची बैठक आठवड्यातून एकदा असे. सगळे आपापली वाक्यं वाचून दाखवत आणि बाई पेन्सिलीने नको त्या वाक्यांची मान उडवत. कोशवाल्यांनी आपलं रत्न शेवटी ठेवलं होतं. सगळ्यांचं वाचून झाल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “इंटररिलेट. ‘दुकान, हे घर, मी. कशाचा कशाशी संबंधच उरलेला नाही.’”

खोलीत कुणी वा म्हटलं नाही. टंकलेखनाचं काम करणारी बाई खिडकीकडे बघायला लागली.

“हे तुम्ही केलंत?” संपादकबाईंनी विचारलं.

“छे. घरातून आलं. एका झटक्यात.”

“तुमच्या मिसेस म्हणाल्या?”

“हो ना. जेवताना.”

संपादकबाईंनी कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. “त्यांचं दुकान म्हणजे चौकातलं चष्म्याचंच ना? मागे मी त्यांच्याकडूनच हा चष्मा बसवून घेतला होता. परवा एक स्क्रू पडला म्हणून गेले, तर शटर खाली. पाटीपण काढून नेली. शेजारचा म्हणाला, महिना होऊन गेला.”

दुकान म्हणजे कुठलंही दुकान, असं कोशवाले म्हणणार होते. ते तोंडातच राहिलं.

“तुम्हाला माहीत नव्हतं?” बाईंनी हळू आवाजात विचारलं. त्यांचा हा आवाज कचेरीत कुणी ऐकलेला नव्हता. “वाक्य जिवंत आहे. पण उदाहरण कुणालाही म्हणता आलं पाहिजे. हे एकाच माणसाचं आहे. तुम्ही घरी जा.”

“घरी कुणी नाही,” कोशवाले म्हणाले, आणि असं म्हटल्यावर त्या मोठ्या बॅगेत काय होतं ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांना इतकी लाज वाटली की टेबलावरचे कागद उचलताना कुणाकडे बघवेना.

ते आधी चौकात गेले. दुकानाचं शटर खरंच खाली होतं. वर जिथे पाटी होती तिथे भिंत पांढरीफटक दिसत होती, बाकीची धुराने काळवंडलेली. बाजूच्या काचेवर डोळे तपासून मिळतील असं चिकटवलेलं होतं, त्यातली अर्धी अक्षरं खरवडून काढली होती. बायको इथे कोणत्या बाजूला उभी राहायची तेवढंही त्यांना आठवेना. आत कधी गेले होते? स्वतःचा चष्मा ती घरीच आणून द्यायची.

आणि तिथे उभं असताना त्यांना एक वाक्य आठवलं. वाक्य त्यांना कधीच दगा देत नसे. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पदराला हात पुसत, आणि म्हणाली होती, “आमचं दुकान बंद होतंय.” त्यावर आपण काय म्हणालो तेही आठवलं. “‘होतंय’ छान आहे. ‘होणार आहे’पेक्षा जवळचं वाटतं.” मग त्यांनी ते ‘क्लोज’च्या पाकिटात टाकलं होतं. ती थोडा वेळ दारातच उभी होती, एवढं पुसट आठवत होतं. त्यापुढचं काहीच नाही, कारण त्यापुढे ती बोलली नव्हती.

तिने सांगितलं नाही असं नव्हतं. तिने सांगितलं होतं, आणि त्यांनी त्याला मार्क दिले होते.

ताईंचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, पहिल्या मजल्यावर. बस खच्चून भरलेली होती आणि कोशवाले दांडीला धरून उभ्या उभ्या वाक्य जुळवत होते. माफ कर. नको, ते छापील वाटतं. माझं चुकलं. हे बरं, पण कुणीही कुणालाही म्हणतं, चहा सांडला तरी म्हणतं. घरी चल. यात हुकूम आहे. उतरायचा थांबा आला तरी त्यांचं वाक्य तयार नव्हतं.

दार ताईंनी उघडलं. हातात काठी, कपाळाला आठी. “या,” त्या म्हणाल्या. “घरातली वाक्यं संपली वाटतं?”

“ताई, ती आहे का?”

“आहे. जाणार कुठे? बसा. पाणी देते, पण उठायला मला वेळ लागतो, तेव्हा तहान दमाने घ्या.”

बायको आतल्या खोलीत खिडकीपाशी बसली होती. समोर वर्तमानपत्र पसरून ताईंचा जुना चष्मा उघडला होता, काचा बाजूला, दांड्या बाजूला. हातात बारीक पक्कड. त्यांना बघून ती उठली नाही, आणि पाठ फिरवूनही बसली नाही.

कोशवाले वेताच्या मोड्यावर बसले. “दुकान बंद झाल्याचं मला आज कळलं,” म्हणाले.

“मी सांगितलं होतं.”

“हो. माझं चुकलं.”

“हे कुठल्या शब्दासाठी?”

तिने ते चिडून विचारलं नव्हतं. म्हणूनच त्यांना ते जास्त लागलं. “कुठल्याच नाही गं,” ते म्हणाले. “खरंच सांगतोय. मला करमत नाही तुझ्याशिवाय.”

बायकोने पक्कड खाली ठेवली. “हे तुम्ही मला आधी म्हणाला आहात,” ती म्हणाली. “आपण नवीन घरात आलो तेव्हा. मी पडदे लावत होते, स्टुलावर उभी होते. तुम्ही मागून म्हणालात, ‘मला करमत नाही तुझ्याशिवाय.’ मी स्टुलावरून खाली उतरले. ‘मलाही,’ म्हणाले. आठवतंय पुढे काय झालं?”

कोशवाल्यांना आठवत होतं. त्यांनी मान खाली घातली.

“‘पास’ म्हणालात. आणि पेनाला टोपण लावलंत.”

बाहेरच्या खोलीत ताईंच्या काठीचा आवाज थांबला. त्या ऐकत होत्या, आणि ऐकत नसल्याचं नाटक करायच्या भानगडीत पडल्या नाहीत.

“काळजी वाटते, तेही म्हणून झालंय,” बायको म्हणाली. “तू थकलेली दिसतेस, म्हणून झालंय. माझ्यावर रागावलीस का, म्हणून झालंय, तेव्हा मी अर्धा तास समजूत काढत बसले होते तुमची. आता तुम्ही कुठलंही वाक्य म्हणा, मी ते ऐकलेलं आहे. आणि उत्तरही देऊन बसलेय. आता कुठलं खरं धरू?”

कोशवाल्यांनी सबंध आयुष्य ज्याच्या जोरावर काढलं ते एकच भांडवल होतं, आणि तेच इथे चालेना. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही, कारण पुसलं तर दिसेल असं त्यांना वाटलं. तिला ते दिसत होतंच. दिवसभर माणसांच्या तोंडांकडे बघण्यात तिची वर्षं गेली होती.

“दुकानाचं काय झालं?” शेवटी ते म्हणाले. वाक्य अगदी सामान्य होतं. बसमध्ये ते त्यांना सुचलंही नव्हतं.

मग ताईंच्या चष्म्याची एक दांडी उचलून बोटांत फिरवत ती सांगायला लागली.

मालक थकले होते. त्यांच्या मुलाला दुकानात रस नव्हता. चौकापलीकडे मोठं दुकान निघालं होतं, तिथे यंत्रासमोर तोंड धरलं की मापं आपोआप निघतात. मालकांनी एका दुपारी तिला आणि दुकानातल्या पोऱ्याला समोर बसवलं आणि चहा मागवला, तेव्हाच तिला कळलं. ते स्वतः कधी चहा मागवत नसत. शेवटच्या दिवशी एक बसचालक आला. त्याला चष्मा लावून झोपायची खोड, त्यामुळे दर थोड्या महिन्यांनी त्याची फ्रेम वाकडी व्हायची आणि तो हक्काने तिच्याकडे यायचा. दुकान बंद होतंय हे त्याला माहीत नव्हतं. तिने दांडी गरम केली, वाकवली, चढवून पाहिली, पुन्हा वाकवली. तो नेहमीसारखा “पुढच्या वेळी भेटू” म्हणून गेला आणि तिने त्याला काही सांगितलं नाही. मग तिने गरम हवेच्या यंत्राचा प्लग काढला. मालकांनी पक्कड आणि बारीक स्क्रू-ड्रायव्हर तिला ठेवून घ्यायला सांगितले. ती घरी आली. घरात कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती दिवसभर घरी होती. कोशवाले लवकर आले होते. ती या वेळी घरी कशी, हे त्यांनी विचारलं नाही. टाकी, मोटार आणि भिंतीची ओल एकातएक आहे, असं म्हणाले. तेव्हापासून ती वाट बघत होती. एक दिवस विचारतील, दोन दिवसांनी विचारतील. “मला दुकान गेल्याचं तेवढं वाईट वाटलं नाही,” ती म्हणाली. “मला वाटायचं, मी या घरात नसते तर तुम्हाला कळायला किती वेळ लागला असता?”

खिडकीबाहेर उजेड कमी होत गेला तरी ती बोलत होती. मध्येच मागे गेली, पहिल्या दिवशी दुकानात फ्रेम मोडली होती त्या गोष्टीवर आली, मग एका म्हातारीची हकिकत, जिला दोन्ही कानच नीट नव्हते आणि जिच्यासाठी तिने दांड्यांना दोरी लावायची युक्ती काढली होती. कोशवाले ऐकत होते. एकदाही मध्ये बोलले नाहीत. इतकं बोलणं तिने त्यांच्यासमोर कधी केलं नव्हतं, किंवा केलं असलं तर त्यांना ते तुकड्यातुकड्यांनी ठाऊक होतं.

ती थांबली. “मी काय सांगितलं?” तिने विचारलं. “सांगा बघू.”

कोशवाल्यांच्या स्मरणशक्तीची कचेरीत ख्याती होती. कुणी कधी काय म्हणालं ते ते जसंच्या तसं म्हणून दाखवत. आता त्यांनी आठवायला सुरुवात केली आणि त्यांना तिचं एकही वाक्य आठवेना. एकही नाही. ते घाबरले.

“दुकान गेलं,” ते म्हणाले. “मालकांनी चहा मागवला. आणि मग एक रिक्षावाला आला—”

“बसचालक.”

“बसचालक. त्याचा चष्मा तू नीट केलास. तू त्याला सांगितलं नाहीस. तुला रडू येत होतं म्हणून.”

“रडू येत होतं असं मी म्हणाले नाही.”

“नाही म्हणालीस?” ते गोंधळले. “मग मला तसं दिसलं.”

दांडी तिच्या हातातच होती.

“पुढे,” ती म्हणाली.

“तू घरी आलीस. मी होतो घरात. आणि मी नव्हतो,” कोशवाले म्हणाले. सांगताना ते अडखळत होते, म्हातारीला मालकाची आई करून बसले, दोरीची युक्ती मालकाच्या नावावर टाकली, आणि दर वेळी ती त्यांना थांबवून दुरुस्त करत होती. नाही हो, तसं नाही. अहो, ते आधी झालं. दोरी माझी होती. होय, माझी एकटीची. ते मान हलवत होते आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागत होते.

ताईंनी दारात येऊन दिवा लावला. “तुमचं चालू द्या,” त्या म्हणाल्या. “मला एवढंच सांगा, पानं दोन मांडू की तीन? आणि यांची शेवटची बस साडेआठला असते.”

“तीन मांड,” बायको म्हणाली. “आणि बसचं राहू दे. हे इथेच राहतील. माझं अजून सांगून झालेलं नाही.”